तिसरं बोलावणं

(मार्चमधली सकाळ. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठचा तांडा. भिकाबाईचा ओटा. शिवारात हळद शिजवायचे दिवस आहेत.)

भिकाबाई : पुसून टाक म्हणलं ना एकदा.

शीतल : आजी, पुसायचं बटनच नाही त्यात.

भिकाबाई : भरायचं हाय अन् काढायचं न्हाई? असली कणगी कोण करतंय? आमच्या कणगीला खाली भोक असतं, बाय.

शीतल : ही फोनमधली कणगी आहे. ‘ज्ञानकणगी’. शेतकऱ्यांचं ज्ञान एका जागी साठवायचं, ज्याला लागेल त्यानं घ्यायचं. मागच्या सोमवारी इथंच बसून तुम्ही सगळं सांगितलं की. हळद शिजली हे कसं ओळखायचं ते.

भिकाबाई : सांगितलं. चुकलं. आता वापस दे.

शीतल : ज्ञान वापस कसं देणार? ते तुमच्यापाशी आहेच ना अजून.

भिकाबाई : हाय. पण आता समद्यांपाशी हाय. समद्यांपाशी असतो तो वारा. वाऱ्याला कोणी बोलवायला जातंय का?

शीतल : झालं काय पण?

भिकाबाई : आठ दिस झाले. फुलसिंगची हळद शिजली. बाबूसिंगची शिजली. मोतीबाईची शिजली, अन् ती तं माझ्या पाठभिंतीची शेजारीण. काल चांगुणाची शिजली. चार घरं झाली, एकानं बोलावलं न्हाई मला. काल मी धुतलेली ओढणी घेऊन सकाळधरनं ओट्यावर बसले व्हते. उन्हं उतरल्यावर घडी घालून ठेवली.

शीतल : त्यांनी फोन ऐकला असेल.

भिकाबाई : माझाच आवाज ऐकला! मी हिकडं ओट्यावर, अन् माझा आवाज चांगुणाच्या कढईपाशी. ‘काडी टोचा, बोटानं दाबा, उतरवा रे.’ इथवर ऐकू आलं. तीस साल मी ‘उतरवा’ म्हणून राहिले, पण न जाता जाऊन आले असं पयल्यांदाच झालं.

शीतल : तुमचं सांगणं तीनशे बारा जणांनी ऐकलंय, आजी. त्याच्यावर पाच चांदण्या पडल्यात.

भिकाबाई : चांदण्या मला ओट्यावरनं रोज दिसतात. फुकट.

शीतल : अन् प्रमाणपत्र? ‘ज्ञानरत्न’ म्हणून?

भिकाबाई : ते पिठाच्या डब्यावर ठेवलं. झाकण फुटलं व्हतं. चांगलं कामाला आलं बघ, एक मुंगी जात न्हाई आत. पण त्याच्यावर झाड कशाचं काढलंय ते? लाल बोरांचं?

शीतल : ते कॉफीचं आहे.

भिकाबाई : काफीचं काहून?

शीतल : हे ॲप आधी कॉफीवाल्यांसाठी केलेलं. तिकडं लांब डोंगरात एक-एक, दोन-दोन एकरवाले लहान शेतकरी आहेत, त्यांच्यासाठी. तिथं फार चाललं म्हणतात. मग आमच्या पुण्याच्या साहेबांच्या लक्षात आलं की आपल्या हिंगोलीतले हळदवालेही लहानच आहेत. मग जिथं जिथं ‘कॉफी’ होतं, तिथं तिथं ‘हळद’ लिहिलं.

भिकाबाई : अन् बस?

शीतल : बस. जेवायच्या सुट्टीआधी झालं म्हणे. तुम्हाला आठवत नाही, सोमवारी काय काय विचारलं त्यानं? थांबा, लावते.

फोन : नमस्कार. ज्ञानकणगीमध्ये आपले स्वागत आहे. आपली हळद मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते का? हळदीची फळे आपण हिरवी असताना तोडता की लाल झाल्यावर? भाजल्यानंतर आपल्या हळदीला चॉकलेटचा वास येतो का?

भिकाबाई : ह्याला काय उत्तर देल्तं मी?

शीतल : ‘हळदीला फळ धरलं तर पयले पोलीस पाटलाला कळवा.’ तेही साठवलंय. दोघांनी ‘उपयुक्त’ म्हटलंय.

भिकाबाई : मंग ह्या कणगीत पयला नंबर कोणाचा?

शीतल : जवळा बाजारच्या अमृतरावांचा. दोनशे बारा सल्ले.

भिकाबाई : अमृतराव? अगं, त्याच्या हळदीला तीन साल झाले करपा सोडत न्हाई. जमिनीत पिवळी व्हायची ती त्याची पानातच पिवळी होते.

शीतल : ज्याचं कोणी ऐकत नाही, आजी, त्याच्यापाशी ज्ञान शिल्लक राहतं.

भिकाबाई : हे बराबर बोलली. हे घाल त्यात.

शीतल : नोकरी जाईल माझी.

भिकाबाई : अन् माझी गेली ती?

शीतल : तुमची कुठं नोकरी होती?

भिकाबाई : तेच तं. नोकरी असती तं नोटीस आली असती. मला कळलंच न्हाई कवा काढलं ते.

शीतल : मला वाटलं, तुमचे पाय वाचतील. ह्या वयात उन्हातान्हात घरोघरच्या कढईपाशी जायचं...

भिकाबाई : पाय वाचवून काय करू? लोणचं घालू? बोलावणं म्हंजे काय ते ठाव हाय का तुला? घरच्या माणसानं यावं लागतं, पोराटोराला धाडलेलं चालत न्हाई. अन् ‘चल’ न्हाई म्हणायचं, ‘चला’ म्हणायचं. एरवी मला अरेतुरे करणारा पुतण्याबी त्या दिवशी ‘चला’ म्हणतो. तीन डाव यायचं. पयल्या बोलावण्याला मी ‘येते’ म्हणते अन् बसूनच राहते. दुसऱ्याला सुपारी कातरते. तिसऱ्याला उठते.

शीतल : पहिल्याच बोलावण्याला गेलं तर?

भिकाबाई : तं ते बोलावणं झालं का? ती हाक झाली. हाक शेळीलाबी मारतात.

शीतल : म्हणजे तुम्ही आधीपासूनच मोठ्या साहेब.

भिकाबाई : हस. मी गेले की त्या घरी बाया जमतात. कोणाची सून रुसली, कोणाच्या लेकीचं कुठं ठरून राहिलं, कोणाच्या म्हशीनं दूध चोरलं, समदं कढईपाशी कळतं. शिजवणीत पंधरा घरं होतात माझी. तेवढं मला पुढच्या मार्चपर्यंत पुरतं.

शीतल : हे तुम्ही सोमवारी सांगितलं नाही.

भिकाबाई : त्यानं इचारलं न्हाई. त्यानं चॉकलेट इचारलं.

शीतल : बरं, असं करू. पुसता येत नाही, पण ‘सुधारणा’ करता येते. हे घ्या, लाल टिंब लागलं की बोला.

भिकाबाई : लागलं? ‘हळद शिजली का न्हाई, ते भिकाबाईला घरी येऊन इचारा. फोन खुंटीला लावा.’

फोन : क्षमस्व. सुधारणेमध्ये व्यक्तीचे नाव घालता येत नाही. ज्ञान सर्वांचे असते.

भिकाबाई : पाह्यलं? आवाज ठेवला, नाव कापलं. मंग त्या अमृतरावाचं नाव कसं काय वर झळकतं?

शीतल : त्यांनी ते स्वतःच्या सल्ल्यातच घुसवलंय. ‘अमृतराव म्हणतात त्याप्रमाणे’ असं. दोनशे बारा वेळा.

भिकाबाई : हुशार हाय. फक्त हळदीतच कळत न्हाई त्याला. काढून टाकायचा दुसरा काईच रस्ता न्हाई?

शीतल : एक आहे. अर्ज आहे. ‘ज्ञानगळती’चा.

भिकाबाई : मंग भर की.

शीतल : भरते. पण माझ्यासारख्या ज्या ज्ञानसखीच्या गावात गळती होते तिला पुण्याला बोलावतात. दोन दिवसांचं प्रशिक्षण, गळती कशी रोखावी ह्याचं. मागं एकीला बोलावलेलं. तिच्या गावातला एक सल्ला देणारा म्हातारा वारला होता. तीपण गळतीच धरली.

भिकाबाई : तुला पुन्हा कामावर ठेवतील?

शीतल : ते माहीत नाही. पण तुमचं आहे ते. तुम्ही मागताय तर मी नाही म्हणणार नाही. कारण काय लिहू?

प्रेमदास : याडी! ए याडी! चल लवकर, कढईखाली जाळ घातला.

भिकाबाई : कोण व्हय?

प्रेमदास : कोण काय? मी प्रेमदास. तुझ्या दिराचा पोरगा, तुला आईवानी याडी म्हणतो तो.

भिकाबाई : माझा पुतण्या हळद फोनवर शिजवतो, असं ऐकलं.

प्रेमदास : मी न्हाई, ते फुलसिंग अन् बाबूसिंग. माझी कढई आजच लागून राहिली. नमस्कार ताई. तुमीच का त्या कणगीवाल्या?

शीतल : हो. मीच.

भिकाबाई : फुलसिंगची हळद बिघडली का?

प्रेमदास : न्हाई. खोटं काहून बोलू? एकदम बराबर शिजली. चांगुणाची तं वसमतच्या मोंढ्यात मिरवण्यासारखी झाली.

भिकाबाई : बिघडली न्हाई.

प्रेमदास : जराबी न्हाई.

भिकाबाई : मंग माझ्या दारात काहून उभा हाय?

प्रेमदास : तकलीफ दुसरीच झाली. चहाची.

शीतल : चहाची?

प्रेमदास : व्हय ताई. आमच्याकडं असं असतं, ही कढईपाशी आली की त्या घरी मानाचा चहा होतो. दूध घालून, दाट. तोच मंग कामाच्या गड्यांनाबी मिळतो. ते घटकाभर बसतात, हसतात. आता हिच्या जागी फोन आला. फोनला चहा कोण देतंय? चार घरं झाली, गड्यांच्या पोटात चहाचा थेंब न्हाई. आज सकाळी ते मला म्हणले, जिथं भिकाबाई तिथं आमी. जाळ त्यांनी घातला, पण लाकडं मोजून घालून राहिले.

भिकाबाई : अन् बाया?

प्रेमदास : आल्याच न्हाईत कुठं. म्हणल्या, फोन तं घरीबी ऐकता येतो, त्यासाठी ओढणी काहून बदलायची? मोतीबाईची कढई उतरली तवा तिथं मोतीबाई अन् तिचं कुत्रं, दोघंच व्हते.

भिकाबाई : म्हंजे चहासाठी पायजे मी तुमाला.

प्रेमदास : अन् भांडणासाठी. बाबूसिंगच्या इथं फोन म्हणला, ‘उतरवा रे.’ एक भाऊ म्हणे उतरव, दुसरा म्हणे पुन्हा लाव, पुन्हा ऐकू. आठ डाव ऐकलं. फोन आठीच्या आठी डाव तसाच बोलला, एकदाबी चिडला न्हाई. तू असती तं पयल्या डावाला दोघांच्या खानदानाचा उद्धार करून कढई उतरवली असती.

भिकाबाई : माझ्या शिव्या भरल्या न्हाईत का गं तू?

शीतल : भरल्या होत्या. त्यानं कापल्या. ‘अनावश्यक आवाज’ म्हणून.

भिकाबाई : असल्या सोवळ्या कणगीत माझं सांगणं पडलं.

प्रेमदास : मंग चल ना याडी. तुझ्या सुनेनं, शिलानं, दूध आणून ठेवलंय.

भिकाबाई : काय म्हणला?

प्रेमदास : चला. चुकलं. चला.

भिकाबाई : येते.

प्रेमदास : बरं. जातो मी म्होरं.

शीतल : अहो भाऊ, थांबा! त्यांना घेऊन जा ना. गेले की हे! आजी, उठा, जाळ लागलाय तिथं.

भिकाबाई : ‘येते’ म्हणलं ना त्याला. बस तू. अर्जाचं काय चाललं व्हतं आपलं?

शीतल : तुम्ही आता जाणारच आहात, मग अर्ज कशाला?

भिकाबाई : आज प्रेमदासला चहाचं आठवलं. उद्या गडी घरनंच चहा आणतील. पुढल्या साली काय? भर तू. घाबरली का?

शीतल : नाही घाबरले. भरते. फक्त एक सांगते, मग भरते. आमचे पप्पा, धम्मानंद, जवळा बाजारला राहतो आम्ही. दोन एकर हळद आहे. आजोबा होते तोवर शिजवणी तेच बघायचे. ते गेल्यावर दोन वर्षं पप्पांचा अंदाज चुकतोय. एका वर्षी कच्ची राहिली. मागच्या वर्षी घाबरून वीस मिनिटं जास्त ठेवली, तर गाळच झाला. ह्या रविवारी त्यांनी तुमचा आवाज लावला अन् शिजवली.

भिकाबाई : मंग?

शीतल : हळकुंड मोडून बघितलं, आतून सारखं. पप्पा दोन हळकुंडं खिशात घालून गावभर फिरून आले. आई म्हणाली, त्या आजीला घरी घेऊन ये एकदा.

भिकाबाई : कोण म्हणलं?

शीतल : आई. रुक्माबाई.

भिकाबाई : हे बोलावणं हाय का?

शीतल : हो.

भिकाबाई : मंग एक झालं.

शीतल : आजी!

भिकाबाई : नेम म्हंजे नेम. जवळा बाजारचा असो का पुण्याचा.

प्रेमदास : याडी, चला ना. फेस वर आला कढईत.

भिकाबाई : येते. पोरी, तो आडकित्ता दे बरं हिकडं. त्या कोनाड्यात.

प्रेमदास : ताई, तुमी यायच्या ना चहाला? शिलानं तुमच्या नावाचाबी कप काढला. जातो.

शीतल : हे पुन्हा गेले! आजी, सुपारी नंतर कातरा. फेस आलाय म्हणतात. तुम्ही नसताना जास्त शिजली तर? मी बघितलाय तो गाळ. वर्षभराची मेहनत असते हो.

भिकाबाई : दम धर. सुपारी कडक हाय.

शीतल : मी जाऊन सांगू का उतरवायला?

भिकाबाई : काय सांगशील? शिजली म्हणून? तुला कसं कळलं?

शीतल : नाही कळलं. पण तुम्हालाही इथं बसून कसं कळणार?

भिकाबाई : आठ दिस झाले तू मला ज्ञान इचारून राहिली. आता आयतं म्होरं आलं तं घाई करून राहिली. पयल्यांदा प्रेमदास आला तवा काय म्हणला?

शीतल : कढईखाली जाळ घातला म्हणाले.

भिकाबाई : अन् आता?

शीतल : फेस आला म्हणाले. म्हणजे... ते शिजल्यावर बोलवायला येतच नाहीत. ते आधीपासून येतात.

भिकाबाई : तीस साल झाले, त्याला ठाव हाय मी उशीर करते. हुशार गडी जाळाबरोबरच निघतो. घे, सुपारी खातीस?

शीतल : नको. अन् मग तिसऱ्यांदा कधी येतात?

भिकाबाई : गप बस जरा. नाक कुठाय तुझं? काय येऊन राहिलं?

शीतल : धूर. ओली माती. मघापासून तोच वास आहे, उकडल्या मातीचा.

भिकाबाई : बरं. बस अजून.

शीतल : आई खरंच वाट बघतेय तुमची. रविवारी या. बसस्टँडवर न्यायला येते मी.

भिकाबाई : दोन झाले.

शीतल : मोजताच आहात का? ... आजी. माती गेली.

भिकाबाई : गेली ना?

शीतल : आत्ताच गेली. आता नुसती हळद येतेय. घशात बसतेय.

भिकाबाई : माझी काठी दे. ओढणी दे ती, खुंटीवरची. अजून घडीत हाय. आता तो पळत येईल बघ.

प्रेमदास : याडी, चला! चला, वास सुटला!

भिकाबाई : उठलेच मी. वरडतो काय?

शीतल : म्हणजे तुमचं उशिरा जाणं हेच घड्याळ होतं. जाळ, फेस, वास. अन् मी समजत होते, नुसता मान करून घेता.

भिकाबाई : मानबी हाय की. मान न्हाई तं एवढा वेळ कोण बसंल? माझ्या सासूनं लावून देलं हे. कढईपाशी उभी राहणारी बाई घाई करते, डोळ्यात धूर जातो अन् नाक मरतं, म्हणायची. लांब बसायचं. बोलावल्याबिगर जायचं न्हाई.

शीतल : अन् मग ती काडी टोचणं?

भिकाबाई : ते लोकांना दिसायला पायजे काईतरी. तेच देलं मी तुझ्या कणगीला. काडी तं ह्यालाबी टोचता येते.

प्रेमदास : मला कवाचं येतं, याडी.

भिकाबाई : माहीत हाय मला. तुझ्या लग्नाच्या सालापासनं येतं.

प्रेमदास : तुला माहीत हाय हे मलाबी माहीत व्हतं.

शीतल : मग बोलवता काहून तुम्ही?

प्रेमदास : काहून म्हंजे? हळद शिजवायची अन् हिला बोलवायचं न्हाई? हळद काय उकडलेल्या बटाट्यावानी शिजवायची असते का, ताई?

भिकाबाई : चल, लई बोलून राहिला. कढई वाट पाहत न्हाई. मी माणसांना पाहायला लावते, ती पाहत न्हाई. पोरी, तो अर्ज ऱ्हाऊ दे.

शीतल : राहू दे? वापस नको तुमचं?

भिकाबाई : धम्मानंदची हळद बराबर शिजली ना. असू दे तेवढं कणगीत. काडी त्यांची. बाकी माझ्यापाशी हाय.

शीतल : आजी, रविवारचं राहिलं. एक बोलावणं बाकी आहे.

भिकाबाई : ते चहाच्या टायमाला दे. बायांपुढं. मोतीबाईला ऐकू जाईल असं दे.

फोन : आपण बराच वेळ बोलला नाहीत. हळद शिजवण्याविषयी आपल्याकडे आणखी काही ज्ञान शिल्लक आहे का? हो किंवा नाही असे म्हणा.

प्रेमदास : सांगा ना ताई त्याला, ते जाळाचं अन् वासाचं. हातासरशी भरून टाका.

शीतल : नाही.